घरच्यांपासून झाकलेली आग

एप्रिलचा मध्य आला की आमच्या उपनगरांतील शाळांच्या पटांगणांत आणि गृहनिर्माण संस्थांच्या आवारांत अग्निशामक दलाची गाडी येऊन उभी राहते. जवान मंडळी तांबडी नळकांडी हाती घेऊन आग कशी विझवावी याचे प्रात्यक्षिक दाखवितात, मुले टाळ्या पिटतात आणि सप्ताह संपतो. गेल्या खेपेस अंधेरीस असा समारंभ पाहण्याचा योग आला, तेव्हा आम्ही शेजारी बसलेल्या चार-पाच मुलांस सहज विचारले की, हा सप्ताह १४ एप्रिललाच का बरे सुरू होतो? एकासही सांगता आले नाही. मुलांचे सोडा, त्यांच्यामागे बसलेल्या आईबापांनीही माना खाली घातल्या. याबद्दल त्यांस दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. ज्या गोष्टीची वार्ता पहिल्याच दिवशी दाबून टाकण्यात आली, ती नीट कोणाच्या कानावर पडलीच नाही. मग ती पुढच्या पिढीस सांगणार कोण?

ती तारीख १९४४ सालची. त्या दिवशी शुक्रवार होता. 'फोर्ट स्टिकीन' नावाचे मालवाहू जहाज २४ फेब्रुवारीस इंग्लंडातील बर्कनहेड बंदरातून निघून कराचीमार्गे १२ एप्रिल रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत येऊन लागले होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता. एवढे पुरेसे नव्हते म्हणून की काय, कराचीस त्याच जहाजात कापसाच्या हजारो गासड्या आणि वंगणाच्या तेलाची पिंपे भरण्यात आली. शिवाय ३१ पेट्यांतून सोन्याच्या १२४ विटा होत्या, त्या निराळ्याच. ज्या घरात चुलीजवळ सरपण रचून त्यावर रॉकेलचा डबा ठेवतात, त्या घरच्या गृहिणीस आपण काय म्हणू? येथे तर ते काम युद्धाच्या निकडीच्या नावाखाली, अधिकाऱ्यांच्या देखत झाले. स्फोटके असलेल्या जहाजाने तांबडे निशाण लावावे, म्हणजे शेजारची जहाजे सावध होतात, असा बंदराचा रिवाज. तेही निशाण त्या जहाजावर नव्हते.

दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या खणातून धूर येत असलेला खलाशांच्या ध्यानी आला. बंब आले. सुमारे ९०० टन पाणी ओतले, तरी आगीचे मूळ सापडेना. चार वाजावयास दहा मिनिटे असता जहाज सोडून देण्याचा हुकूम झाला. आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट होऊन जहाजाची दोन शकले झाली. अर्ध्या तासाच्या आतच दुसरा, त्याहून भयंकर स्फोट झाला. आसपासची अकरा जहाजे बुडाली किंवा बुडण्याच्या बेतास आली. जळता कापूस आकाशातून वर्षू लागला आणि गोदीलगतच्या वस्त्यांस त्याने पेट घेतला. मृतांची संख्या कोणी ८०० देतात, कोणी १,३०० पर्यंत नेतात. सुमारे ८०,००० माणसे बेघर झाली. आग विझवावयास गेलेले ६६ अग्निशामक कामावरच मृत्यू पावले. त्यांच्याच स्मरणार्थ हा सप्ताह पाळतात, हे त्या मुलांस कोणी तरी सांगावयास हवे होते. आग आटोक्यात आणण्यास तीन दिवस लागले आणि सुमारे पाच लक्ष टन राडारोडा उपसण्यास ८,००० माणसे सात महिने राबत होती. धान्याची पन्नास हजार टनांवर राख झाली. ते रेशनचे दिवस होते. ज्या घरात मोजून दाणे येत, त्या घरांत या राखेचा अर्थ काय झाला असेल, तो आमच्या वाचक भगिनींस आम्ही सांगावयास नको.

गोदीपासून बारा किलोमीटरपर्यंत खिडक्यांची तावदाने फुटली, आणि आवाज तर पन्नास मैलांवर गेला. म्हणजे घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली ही सारी ठिकाणे त्या आवाजाच्या टापूत होती. त्या वेळी हा मुलूख मुंबईच्या महापालिकेच्या हद्दीबाहेर होता. अंधेरी-घाटकोपरकडचा भाग १९५० साली आणि बोरिवली-मुलुंड त्यानंतर काही वर्षांनी शहरात घेण्यात आले. भातशेते, आंब्याफणसाची झाडे, मधून मधून कौलारू बंगल्या, आणि सकाळच्या गाडीने शहरात जाऊन दिवेलागणीस परतणारे कारकून, मास्तर, वकील, असे येथील जीवन होते. ज्याचा कर्ता पुरुष त्या दिवशी बंदराच्या बाजूस कामाला गेला नव्हता, असे घर विरळाच असेल.

आता बातमीचे ऐका. स्फोट शुक्रवारी झाला. दुसऱ्या दिवशी, १५ एप्रिल रोजी, सायगावच्या आकाशवाणीने त्याचा तपशीलवार वृत्तान्त जगास ऐकविला. सायगावचे ते केंद्र जपानच्या, म्हणजे शत्रूच्या, ताब्यात होते. इकडे हिंदुस्थानातील वृत्तनियंत्रकांनी बातमीदारांना सविस्तर हकीकत बाहेर धाडण्याची परवानगी दिली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. अमेरिकेतील 'टाइम' साप्ताहिकात ती छापून आली, तेव्हा तारीख २२ मे होती. सुधीश घटक नावाच्या छायाचित्रकाराने आगीचे चित्रीकरण केले होते, तेही लष्करी अधिकाऱ्यांनी जप्त केले. शत्रूपासून गोष्ट लपवावी हे कोणासही पटेल. परंतु शत्रूला चोवीस तासांच्या आत सारे कळले आहे, आणि तरीही महिनाभर पडदा टाकलेलाच आहे, तेव्हा तो पडदा कोणाच्या डोळ्यांवर होता? धूर तर मुंबईकरांस गच्चीवरून दिसत होता. त्यांस दिसत नव्हते ते एवढेच की हे झाले कसे, आणि कोणाच्या चुकीने.

घाटकोपरच्या एका नव्वदी गाठलेल्या बाईंशी आमचा फार वर्षांचा घरोबा आहे. त्यांस आम्ही माई म्हणतो. त्या वेळी त्या नऊ वर्षांच्या होत्या. माजघरात फळीवरची पितळी भांडी खणखणली, तेव्हा जपान्यांनी बाँब टाकला असे समजून त्यांच्या आजीने सर्व मुलांस देवघरात नेऊन बसविले. माईंचे वडील बंदराजवळच्या एका पेढीत कारकून होते. ते मध्यरात्री चालत घरी आले. धोतर काजळीने काळे झालेले. न जेवता त्यांनी मुलांस एवढेच बजावले की, बाहेर कोणाशी काही बोलू नका. धाकटे काका मात्र आले नाहीत. तेही त्याच बाजूला नोकरीस होते. वडील चार दिवस इस्पितळांतून हिंडले, पोलीस ठाण्यांतून हिंडले. यादी कोठेच मिळेना. एका कचेरीत तर, 'ही युद्धकाळातील बाब आहे, याविषयी चौकशी करू नये,' असे त्यांस ऐकविण्यात आले. कचेरीचे नाव माईंस आठवते, पण आम्ही ते येथे देत नाही.

यापुढे जे घडले ते माईंनी आम्हांस अनेकदा सांगितले आहे, आणि दर वेळी सांगताना त्या थोड्या थांबतात. घरातील पुरुषमंडळींनी ठरविले की, आजीस हे सांगावयाचे नाही. तिची प्रकृती नाजूक, हा धाकटा लाडका. धक्का सोसवणार नाही. तेव्हा 'त्याला कामानिमित्त अचानक नागपुरास धाडले आहे' असे सांगण्यात आले. काकू दिवसभर मागील दारी राहत, आणि आजीच्या समोर यावयाचे झाले म्हणजे डोळे पुसून येत. आजीला खरे कळले तिसऱ्याच दिवशी, भाजीवालीकडून. पण ती बोलली नाही. दहा-बारा दिवसांनी वडिलांनी अखेर तोंड उघडले, देहाचा पत्ता नसल्याने पालाशविधी करावा लागेल असे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मला ठाऊक आहे रे. पण तुम्ही मला माझ्याच घरात परकी केलीत. इतके दिवस मी या सुनेला जवळ घेऊन बसले असते."

ही गोष्ट आम्ही सांगितली ती केवळ हृदयद्रावक म्हणून नव्हे. आपल्या एकत्र कुटुंबांतून असे झाकणे नित्य चालते, आणि त्यामागे बहुधा माया असते. सरकारही आपल्या झाकण्यास असेच मायेचे रूप देते: जनता घाबरेल, धीर सोडील, अफवा उठतील. अफवा तर उठल्याच. जपानी पाणबुडी आली, घातपात झाला, एक ना दोन. जेथे खरे सांगावयास कोणी नाही, तेथे भाजीवाली सांगते किंवा सायगाव सांगते. माईंच्या घरी निदान एक होते. आजीसमोर उभे राहून जाब द्यावयास तिचा मुलगा होता, आणि त्याने तो दिला. मुंबईच्या नागरिकांसमोर कोण उभे होते?

येथे त्या वेळची राज्यव्यवस्था थोडी आठवावी लागेल. प्रांतिक स्वायत्ततेखाली निवडून आलेले बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ, हिंदुस्थानास न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ, १९३९ सालीच राजीनामा देऊन बाहेर पडले होते. तेव्हापासून १९४६ पर्यंत मुंबई प्रांतात १९३५ च्या कायद्याच्या ९३ व्या कलमाखाली गव्हर्नरांचा एकतंत्री कारभार होता. काँग्रेसचे पुढारी ऑगस्ट १९४२ पासून तुरुंगात होते. उषा मेहता व त्यांच्या सोबत्यांनी याच शहरातून चालविलेली गुप्त नभोवाणीही त्याच वर्षी नोव्हेंबरात पकडली गेली होती. म्हणजे गोदीत जहाज फुटले तेव्हा 'स्फोटकांसमवेत कापूस भरण्याची परवानगी कोणी दिली?' एवढा साधा प्रश्न विचारावयास मुंबईच्या विधिमंडळात कोणी मंत्रीच नव्हता. वर्तमानपत्रे होती, पण त्यांच्या तोंडाला हिंदुस्थान संरक्षण नियमांचे कुलूप होते.

गंमत अशी की, त्याच साम्राज्याच्या राजधानीत याच युद्धात निराळा प्रकार घडला होता. नॉर्वेतील मोहीम फसली तेव्हा मे १९४० च्या ७ व ८ तारखांस लंडनच्या लोकसभेने पंतप्रधान चेंबरलेन यांस उघड सभागृहात धारेवर धरले. बहुमत घसरून ८१ वर आले आणि १० तारखेस त्यांनी राजीनामा दिला. शत्रू दारात असता मुख्य प्रधान बदलला, म्हणून इंग्लंड हरले नाही. जेथे खरोखरच गुप्तता हवी, तेथे त्या सभागृहाच्या गुप्त बैठका भरत. सभासदांस सर्व सांगितले जाई, बाहेर मात्र जात नसे. गुपित राखूनही जाब देता येतो, हे त्या लोकांस ठाऊक होते. फक्त ते ज्ञान त्यांनी सुवेझच्या अलीकडे आणले नाही!

न्यायाने बोलावयाचे तर, १९४४ मध्ये पुढे चौकशी झाली. सरकारने वटहुकूम काढून नुकसानभरपाईची जबाबदारीही पत्करली. परंतु जबाबदारी पैशाची घेणे निराळे आणि चुकीची घेणे निराळे. त्या अकल्पित माल भरण्यापायी कोण्या बड्या अधिकाऱ्याची खुर्ची गेली, असे आमच्या वाचनात आलेले नाही.

परक्यांच्या राज्यात असे चालावयाचेच, असे म्हणून हा विषय येथे संपविता आला असता, तर आम्हांस फार बरे वाटले असते. तो संपत नाही. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनकडून आपला पराभव झाला, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन गेले, आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीस गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे तेव्हा घरोघर म्हटले जाई; तो अभिमान आम्हीही बाळगला आहे. ऐन युद्धात, ८ नोव्हेंबरास, संसदेचे अधिवेशन भरले. गुप्त बैठक घ्यावी अशी सूचना आली असता पंडित नेहरूंनी ती मानली नाही. उघड सभागृहात विरोधी सभासदांचे कठोर बोल त्यांनी ऐकून घेतले. हे त्यांचे मोठेपण आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

परंतु युद्ध थांबल्यावर काय झाले? लष्कराने लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स व ब्रिगेडियर भगत यांजकडून पराभवाची चौकशी करविली. तिची कक्षाच लष्करी हालचालींपुरती होती. मंत्रिमंडळाने काय ठरविले, कोणाच्या भरवशावर ठरविले, याचा विचार तिच्याकडे सोपविलेला नव्हता. अहवाल १९६३ साली आला. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत निवेदन करून शिक्षण, सामग्री, सेनापतित्वाची पद्धती इत्यादींतील उणिवा सांगितल्या, आणि मूळ अहवाल देशाच्या सुरक्षिततेस्तव प्रसिद्ध करता येणार नाही असे सांगितले. नवे मंत्री, खचलेले सैन्य, सीमेवर अद्याप ताण. त्या वर्षी त्यांचे म्हणणे रास्त होते, असे आम्ही आजही म्हणू. किंबहुना जेवढे सांगितले तेवढेही सांगण्यास धैर्य लागले असेल.

पण १९६३ मध्ये जे रास्त, ते २००८ मध्येही रास्त कसे? त्या वर्षी तत्कालीन संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितले की, अहवालातील मजकूर अत्यंत नाजूक असून आजच्या संरक्षणाच्या दृष्टीनेही त्यास मोल आहे. २०१० मध्ये केंद्रीय माहिती आयोगानेही तो देण्यास नकार दिला. पुढे २०१४ साली नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने आपल्याजवळील त्याचा मोठा भाग जगजाहीर केला. म्हणजे पुन्हा तेच! बाहेरच्याने सांगितले, घरच्यांनी तोंड मिटून घेतले. पक्ष बदलले, मंत्री बदलले. विरोधी बाकांवरून जे अहवाल मागत होते ते सरकारात बसले म्हणजे त्यांसही तो नाजूक वाटू लागे. या बाबतीत आम्ही कोणत्याच पक्षाची बाजू घेऊ इच्छीत नाही, आणि घ्यावी असे कोणी ठेवलेलेही नाही.

उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे, ते विसरता कामा नये. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर तीन दिवसांतच, २९ जुलै रोजी, के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि फेब्रुवारी २००० मध्ये तिचा अहवाल संसदेपुढे ठेवण्यात आला. काही भाग गाळला होता, गाळावा. परंतु हेरखात्यांची गफलत कोठे झाली हे सामान्य माणसासही पुस्तक विकत घेऊन वाचता आले. त्यामुळे देशाचे काही वाईट झाले असे कोणी दाखवून दिलेले नाही.

कायद्याची स्थिती अशी. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा, इंग्रजांनी केलेला, अद्याप जिवंत आहे. त्याच्या शेजारी २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे, ज्याची वाट आपल्या महाराष्ट्राने २००२ सालीच स्वतःचा कायदा करून दाखविली होती. या नव्या कायद्यात वीस वर्षे उलटलेली माहिती सामान्यतः खुली करावी असे म्हटले आहे, पण देशाच्या सुरक्षिततेच्या कलमास त्यातून वगळले आहे; त्या कलमाला वर्षांची मर्यादाच नाही. लोकहित अधिक असेल तर माहिती देता येईल अशी एक खिडकी ठेवली आहे खरी, पण तिची कडी आतून आहे. २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धांची कागदपत्रे साधारणतः २५ वर्षांत खुली करण्याचे धोरण जाहीर केले. 'साधारणतः' हा शब्द कारकुनाच्या हाती किती लवचीक होतो, हे सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या आमच्या वाचकांस ठाऊक आहेच.

एकत्र कुटुंबाचा कर्ता दागिन्यांची पेटी कोठे ठेवली आहे ते सर्वांस सांगत नाही, आणि ते योग्यच होय. पण पेटीतील दागिना गहाण पडला, तर तो कोणी ठेवला, कशासाठी ठेवला, हे दिवाळीला हिशेब वाचताना सांगितले पाहिजे, असा भावाभावांचा हक्क असतो. पेटीची जागा गुप्त आहे म्हणून गहाणही गुप्त, असे म्हणणाऱ्या कर्त्याचे घर फार दिवस एकत्र राहत नाही, हे आमच्या पाहण्यातील आहे. आमचे सरकारशी भांडण आहे ते एवढेच. तोफांची संख्या सांगू नका, वाटा सांगू नका, सांकेतिक लिपी सांगू नका. कापूस कोणी भरला, ते सांगा.

हा मजकूर लिहिण्यापूर्वी आम्ही मुद्दाम घाटकोपरास जाऊन माईंस भेटलो. दृष्टी अधू झाली आहे, स्मरण लख्ख. ज्या बंगलीत भांडी खणखणली तेथे आता सात मजली इमारत आहे, आणि त्यांचे देवघर चौथ्या मजल्यावर गेले आहे. १९४४ च्या चौकशीविषयी, जहाजाविषयी, सोन्याच्या विटांविषयी आम्ही वाचलेले सारे त्यांस सांगितले. विटांचे ऐकून त्या हसल्या. मग जरा वेळाने त्यांनी विचारले, "त्या कागदांत माणसांची यादी आहे का हो? आमच्या काकांचे नाव कोठे लिहिलेले असेल का?" पाहून सांगतो, असे म्हणून आम्ही उठलो. अद्याप पाहत आहोत.